इंग्रजी भाषा प्रावीण्य चाचणी

इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा व्यक्तीला ती भाषा प्रत्यक्ष व्यवहारात कितपत वापरता येते, याचे प्रमाणित मापन करणाऱ्या परीक्षेला इंग्रजी भाषा प्रावीण्य चाचणी असे म्हणतात. परदेशी विद्यापीठांतील प्रवेश, विद्यार्थी किंवा स्थलांतरित म्हणून मिळणारा व्हिसा, तसेच परिचर्या व वैद्यक यांसारख्या व्यवसायांतील परदेशातील नोंदणी यांसाठी या चाचण्यांचे गुण मागितले जातात. आयईएलटीएस, टोफेल, पीटीई अकॅडमिक, ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट आणि ड्युओलिंगो इंग्लिश टेस्ट या त्यांपैकी भारतात विशेष परिचित आहेत. चाचणी मान्यताप्राप्त केंद्रावर पर्यवेक्षकासमोर घेतली जाते, किंवा परीक्षार्थीच्या घरी संगणक, कॅमेरा व इंटरनेट यांच्या साहाय्याने दूरस्थ पद्धतीने घेतली जाते. दोन्ही पद्धतींत आयोजक संस्थेवर दुहेरी जबाबदारी असते. मिळालेले गुण भाषेच्याच ज्ञानाचे असले पाहिजेत, आणि ते ज्ञान ज्याच्या नावावर गुणपत्रक निघते त्याच व्यक्तीचे असले पाहिजे.

स्वरूप

शालेय परीक्षेला नेमलेले पुस्तक असते आणि त्यातील किती भाग विद्यार्थ्याने आत्मसात केला हे ती परीक्षा पाहते. प्रावीण्य चाचणीला असा अभ्यासक्रम नसतो. परीक्षार्थी भाषा कोठे शिकला, किती वर्षे शिकला, कोणत्या माध्यमातून शिकला, याच्याशी तिला कर्तव्य नसते; पुढे ज्या ठिकाणी त्याला जायचे आहे तेथील व्याख्यान, ग्रंथवाचन, लेखन आणि संभाषण त्याला पेलेल काय, एवढाच तिचा प्रश्न असतो. म्हणून बहुतेक चाचण्यांत श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण या चार कौशल्यांची परीक्षा होते. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक सामायिक चौकटीत ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या आहेत आणि निरनिराळ्या चाचण्यांचे गुण या पायऱ्यांशी जुळवून दाखवण्याची प्रथा आहे.

इतिहास

भाषेच्या परीक्षेचा उपयोग प्रवेश देण्यासाठी होण्यापूर्वी तो नाकारण्यासाठी झाला होता. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने १८९७ मध्ये केलेल्या कायद्यानुसार येणाऱ्या व्यक्तीला युरोपीय भाषेत अर्ज लिहिता येणे आवश्यक ठरले. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता, परंतु त्याचा रोख भारतीयांवर होता. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये हीच युक्ती उचलली. तेथील अधिकारी कोणत्याही युरोपीय भाषेतील ५० शब्दांचा उतारा श्रुतलेखनासाठी सांगू शकत असे, आणि भाषेची निवड त्याच्या हाती असल्यामुळे नको असलेल्या माणसाला नापास करणे सोपे होते. १९३४ मध्ये एगॉन एर्विन किश या बहुभाषिक पत्रकाराला स्कॉटिश गेलिक भाषेतील उतारा देण्यात आला. न्यायालयाने ती कायद्याला अभिप्रेत असलेली युरोपीय भाषा नव्हे असे ठरवले. ही श्रुतलेखन चाचणी १९५८ मध्ये रद्द झाली.

शैक्षणिक हेतूची पहिली महत्त्वाची परीक्षा केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाने १९१३ मध्ये घेतली. 'सर्टिफिकेट ऑफ प्रोफिशियन्सी इन इंग्लिश' या परीक्षेत भाषांतर, व्याकरण, निबंध, इंग्रजी साहित्य, ध्वनिशास्त्र, श्रुतलेखन आणि संभाषण मिळून सुमारे १२ तासांचा कार्यक्रम होता. भाषांतरासाठी फ्रेंच किंवा जर्मन यांचाच पर्याय असल्यामुळे आशियातील विद्यार्थी तिच्या कक्षेत नव्हताच. पहिल्या वर्षी तीन परीक्षार्थी बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या वाढली आणि प्रत्येक विद्यापीठाने आपापली परीक्षा घेणे गैरसोयीचे होऊ लागले. त्यातून १९६४ मध्ये टोफेल ही चाचणी सुरू झाली. पुढे तिची व्यवस्था न्यू जर्सी राज्यातील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस, म्हणजेच ईटीएस या संस्थेकडे गेली. बहुपर्यायी प्रश्न आणि यंत्राने होणारी तपासणी ही तिची ओळख होती. त्यामुळे गुणांकन काटेकोर झाले, परंतु विद्यार्थ्याच्या बोलण्याला मूळ चाचणीत स्थान नव्हते. ते २००५ मध्ये आलेल्या इंटरनेट-आधारित आवृत्तीत मिळाले. ब्रिटनमध्ये ब्रिटिश कौन्सिल आणि केंब्रिज यांनी १९८० मध्ये ईएलटीएस ही परीक्षा आणली. ऑस्ट्रेलियातील आयडीपी ही संस्था सहभागी झाल्यावर १९८९ मध्ये तिचे आयईएलटीएस असे रूपांतर झाले. पीअर्सन कंपनीची पीटीई अकॅडमिक २००९ मध्ये आली; तिच्यातील गुणांकनाचा भार प्रथमपासूनच संगणकावर आहे. ड्युओलिंगो इंग्लिश टेस्ट २०१६ मध्ये घरबसल्या देण्याची चाचणी म्हणूनच पुढे आली. २०२० च्या महासाथीत परीक्षा केंद्रे बंद पडली तेव्हा अनेक विद्यापीठांनी ती स्वीकारली आणि त्याच वर्षी टोफेलचीही घरून देण्याची आवृत्ती सुरू झाली.

केंद्रावरील आयोजन

केंद्रावरील परीक्षेची सुरुवात प्रश्नपत्रिकेने होत नाही, ती ओळख पटवण्याने होते. भारतात आयईएलटीएससाठी पासपोर्ट हेच ओळखपत्र लागते. नोंदणी करताना दिलेला क्रमांक आणि प्रत्यक्ष आणलेला पासपोर्ट एकच असावा लागतो. प्रवेशाच्या वेळी परीक्षार्थीचे छायाचित्र घेतात, बहुतेक केंद्रांवर बोटाचा ठसाही घेतात. हेच छायाचित्र गुणपत्रकावर छापले जाते. परीक्षेच्या दिवशी खोलीत आलेला चेहरा आणि पुढे विद्यापीठात दाखल होणारा चेहरा यांची तुलना त्यामुळे वर्षभरानंतरही करता येते. मोबाइल, घड्याळ, पाकीट बाहेर ठेवावे लागते. पाण्याची बाटली पारदर्शक असावी लागते. दोन परीक्षार्थींमधील अंतर, पर्यवेक्षकांची संख्या, मध्येच बाहेर गेलेल्याची नोंद, यांचे नियम ठरलेले असतात. दहावीच्या परीक्षेचे केंद्र चालवलेल्या कोणाही शिक्षकाला यातील बराचसा भाग ओळखीचा वाटेल.

वेगळी काळजी लागते ती श्रवण चाचणीत. आयईएलटीएसच्या या भागात ४० प्रश्न असतात आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले जाते. ध्वनिक्षेपक एका कोपऱ्यात असेल, खोलीत आवाज घुमत असेल किंवा बाहेर मिरवणूक चालली असेल, तर मागच्या बाकावरील विद्यार्थ्याची परीक्षा आणि पुढच्या बाकावरील विद्यार्थ्याची परीक्षा एक राहत नाही. म्हणून आधी आवाजाची तपासणी करतात आणि शक्य तेथे प्रत्येकाला हेडफोन देतात. कागदावर परीक्षा देणाऱ्याला उत्तरे उतरवून काढण्यासाठी शेवटी १० मिनिटे मिळतात, तर संगणकावर देणाऱ्याला उत्तरे पुन्हा पाहण्यासाठी २ मिनिटे मिळतात. वाचनाला ६० मिनिटे आणि लेखनाला ६० मिनिटे असतात. लेखनाच्या दोन कार्यांपैकी दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट वजन असते.

अपंगत्व असलेल्यांसाठी जादा वेळ, ब्रेल किंवा मोठ्या टंकातील प्रश्नपत्रिका, लेखनिक अशा सोयी उपलब्ध असतात. मात्र त्या पुरेशा आधी वैद्यकीय कागदपत्रांसह मागाव्या लागतात. परीक्षेच्या दिवशी मागून त्या मिळत नाहीत.

संभाषण चाचणी

चारही कौशल्यांत बोलण्याची परीक्षा घेणे सर्वांत अवघड आहे. आयईएलटीएसमध्ये ती परीक्षकाशी समोरासमोर ११ ते १४ मिनिटे चालते. प्रथम घर, शिक्षण, आवडीनिवडी यांवर साधे प्रश्न होतात. नंतर एका कार्डावरील विषयाचा एक मिनिट विचार करून एक ते दोन मिनिटे बोलायचे असते. शेवटी त्याच विषयाच्या अनुषंगाने अमूर्त स्वरूपाची चर्चा होते. ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाची व्याप्ती व अचूकता आणि उच्चार या चार निकषांना समान वजन आहे. संपूर्ण संभाषण ध्वनिमुद्रित होते, कारण निकालाबद्दल हरकत आली तर ते दुसऱ्या परीक्षकाला ऐकवावे लागते. परीक्षकाने काय विचारायचे याची बरीचशी शब्दयोजना आधीच लिहून दिलेली असते. एकाने प्रेमाने विचारावे आणि दुसऱ्याने दरडावून, असा फरक शक्य तितका कमी करण्यासाठी हे बंधन आहे.

टोफेल आणि पीटीईमध्ये परीक्षार्थी मायक्रोफोनसमोर बोलतो. येथे परीक्षकाच्या स्वभावाचा प्रश्न उरत नाही, पण शेजारच्या टेबलावरचे सहाजण एकाच वेळी बोलत असतात आणि समोर मान डोलावणारे कोणी नसते. संभाषण ही दोन माणसांमधील क्रिया आहे असे मानले, तर या पद्धतीत तिचा अर्धाच भाग मोजला जातो. लाजाळू विद्यार्थ्याला मात्र यंत्र अधिक सुसह्य वाटू शकते.

दूरस्थ आयोजन

घरून द्यायच्या चाचणीचे दोन प्रकार दिसतात. टोफेलच्या घरगुती आवृत्तीत मानवी पर्यवेक्षक परीक्षा चालू असतानाच कॅमेऱ्यातून पाहत असतो. परीक्षार्थीला कॅमेरा फिरवून संपूर्ण खोली, टेबलाचा वरचा व खालचा भाग दाखवावा लागतो. खोलीचे दार पर्यवेक्षकाला दिसले पाहिजे, कान उघडे असले पाहिजेत, हेडफोन चालत नाही आणि संगणकाला एकच पडदा जोडलेला असावा लागतो. टिपणे कागदावर काढता येत नाहीत. पुसता येणारा छोटा फळा किंवा पारदर्शक प्लास्टिकचे आवरण वापरून ती शेवटी पुसून दाखवावी लागतात. ड्युओलिंगोच्या पद्धतीत परीक्षेच्या वेळी समोर कोणी नसते. सुमारे तासाभराचे चित्रण साठवले जाते आणि नंतर संगणकीय प्रणाली व माणसे मिळून ते तपासतात. निकाल साधारणपणे दोन दिवसांत लागतो.

या चाचणीतील प्रश्न सर्वांना सारखे नसतात. दिलेल्या उत्तरावरून पुढचा प्रश्न सोपा किंवा कठीण निवडला जातो, याला अनुकूली पद्धत म्हणतात. थोड्या प्रश्नांत परीक्षार्थीची पातळी निश्चित करता येणे हा तिचा लाभ. आणि प्रत्येकाची प्रश्नपत्रिका वेगळी असल्यामुळे उत्तरे फुटण्याचा धोकाही कमी होतो. त्यासाठी प्रश्नांचा साठा मात्र फार मोठा लागतो.

दूरस्थ पद्धतीमुळे प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च वाचतो. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या विद्यार्थ्याला दोन तासांच्या परीक्षेसाठी महानगर गाठावे लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु केंद्राने पुरवायच्या सर्व गोष्टी, म्हणजे शांत खोली, अखंड वीज, खात्रीचे इंटरनेट, चालू स्थितीतील संगणक, या परीक्षार्थीने स्वतः जमवायच्या असतात. ज्या घरात सहा माणसे दोन खोल्यांत राहतात तेथे बंद दाराची स्वतंत्र खोली तासभर मिळणे हीच पहिली परीक्षा ठरते. मध्येच कोणी खोलीत डोकावले, स्वयंपाकघरातून कोणी हाक मारली किंवा परीक्षार्थीने विचार करताना वारंवार बाजूला पाहिले, तर निकाल रोखला जाऊ शकतो. केंद्रावर पंखा बंद पडला तर जबाबदारी केंद्राची असते. घरी वीज गेली तर आपण नियम मोडला नाही हे पटवून देण्याचे ओझे विद्यार्थ्यावर येते.

खोलीच्या चित्रणावर कायदेशीर आक्षेपही घेतले गेले आहेत. अमेरिकेतील ओहायो राज्यात एका सार्वजनिक विद्यापीठाने दूरस्थ परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याच्या खोलीचे चित्रण करायला लावले. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील संघीय जिल्हा न्यायालयाने ही घटनाबाह्य झडती असल्याचे ठरवले. ती परीक्षा इंग्रजीची नव्हती आणि निर्णय सार्वजनिक विद्यापीठापुरता होता, तरी दूरस्थ पर्यवेक्षणाच्या चर्चेत त्याचा उल्लेख नेहमी होतो.

तोतयेगिरी आणि टोइक प्रकरण

ज्या गुणांवर देशांतर अवलंबून आहे त्यांची चोरी होणारच. सर्वांत जुना मार्ग तोतया परीक्षार्थी बसवण्याचा. त्याखेरीज लपवलेले श्रवणयंत्र, केंद्रचालकांशी संगनमत, आणि दूरस्थ परीक्षेत दुसऱ्याच्या हाती संगणकाचे नियंत्रण देणे असे प्रकार आढळले आहेत.

यातील सर्वांत गाजलेले प्रकरण ब्रिटनमधील आहे. तेथे विद्यार्थी व्हिसासाठी ईटीएसची टोइक ही चाचणी चालत असे. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात एका केंद्रावर खऱ्या परीक्षार्थींच्या जागी तोतये बसलेले आणि पर्यवेक्षक उत्तरे वाचून दाखवत असलेला दिसला. त्यानंतर ईटीएसने २०११ ते २०१४ या काळातील ध्वनिमुद्रणे आवाज ओळखणाऱ्या प्रणालीने तपासली. एकच आवाज अनेक नावांवर आढळला की तोतया, असे हे तर्कशास्त्र होते. ५८,४५८ चाचण्यांपैकी ५८ टक्के अवैध आणि ३९ टक्के शंकास्पद ठरल्या. निर्दोष म्हणून उरल्या त्या फक्त ३ टक्के.

फसवणूक मोठ्या प्रमाणावर झाली होती याबद्दल फारसा वाद नाही. परंतु या निष्कर्षावर विसंबून ब्रिटनच्या गृहखात्याने हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केले. त्यांत भारत, बांगलादेश व पाकिस्तान येथील विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. अनेकांना अभ्यासक्रम अर्धवट सोडावा लागला, भरलेले शुल्क बुडाले, आणि फसवणुकीचा शिक्का घेऊन घरी परतणे नामुष्कीचे वाटल्यामुळे काहीजण वर्षानुवर्षे तेथेच खटले लढत राहिले. सुरुवातीला अनेकांना देश सोडून गेल्यावर बाहेरूनच अपील करण्याची मुभा होती. डिसेंबर २०१७ मध्ये अपील न्यायालयाने अशा प्रकरणांत हा मार्ग पुरेसा न्याय्य नसल्याचे म्हटले. काहींनी न्यायाधीशासमोर अस्खलित इंग्रजीत आपली बाजू मांडून दावे जिंकले. मे २०१९ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने दिलेल्या अहवालात, चुकीने सापडलेल्या व्यक्तींच्या संरक्षणासाठी गृहखात्याने पुरेशी काळजी घेतली नाही असा ठपका ठेवला. ध्वनिमुद्रण कोणत्या केंद्रावरून कोणत्या नावाने आले, वाटेत त्याची अदलाबदल झाली का, या प्रश्नांची निर्विवाद उत्तरे मिळाली नाहीत. ज्या केंद्रांवर कारस्थान शिजले त्यांच्याच नोंदी विद्यार्थ्यांविरुद्ध पुरावा म्हणून वापरल्या गेल्या, हे या प्रकरणाचे सर्वांत अस्वस्थ करणारे अंग आहे.

भारतातही असा प्रकार उघडकीस आला. २०२२ मध्ये कॅनडातून नदीमार्गे अमेरिकेत शिरताना पकडलेल्या गुजरातच्या काही तरुणांना न्यायालयात इंग्रजी बोलता येईना, दुभाषी आणावा लागला. त्यांच्याकडे आयईएलटीएसचे ६.५ ते ७ गुण होते. मेहसाणा पोलिसांनी याचा तपास केला. ही परीक्षा घरी झालेली नव्हती, केंद्रावर झालेली होती.

गुणांकन आणि फेरतपासणी

आयईएलटीएसचा निकाल ० ते ९ या पट्टीवर अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने लागतो आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा शेरा नसतो. चार भागांची सरासरी जवळच्या अर्ध्या टप्प्याला नेतात, ६.२५ आल्यास ६.५ धरतात. श्रवण ७, वाचन ६.५, लेखन ५.५ आणि संभाषण ६ असे गुण मिळाले तर एकूण निकाल ६.५ लागतो. तरीही विद्यापीठाने प्रत्येक भागात किमान ६ मागितले असतील तर हा विद्यार्थी लेखनात अडतो. प्रवेशाच्या अटी वाचताना ही बाब अनेकांच्या नजरेतून सुटते. टोफेलचा निकाल दीर्घकाळ १२० पैकी लागत असे. जानेवारी २०२६ पासून १ ते ६ ही नवी पट्टी लागू झाली आहे. पीटीईची पट्टी १० ते ९० आणि ड्युओलिंगोची १० ते १६० आहे. आयईएलटीएस आणि टोफेलचे गुण सामान्यतः दोन वर्षे ग्राह्य धरले जातात.

आयईएलटीएसच्या निकालाबद्दल शंका असल्यास सहा आठवड्यांच्या आत शुल्क भरून फेरतपासणी मागता येते. गुण वाढल्यास शुल्क परत मिळते. काही देशांत आता चारपैकी एकच कौशल्य पुन्हा देण्याची सोय आहे.

मराठी भाषक परीक्षार्थी

महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे ही या चाचण्यांची प्रमुख केंद्रे आहेत. राज्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून शिकवली जाई. २००० पासून ती पहिलीपासून सुरू झाली. वाचन आणि व्याकरण यांवर शाळेत भर राहिल्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला वाचनाचा भाग तुलनेने जवळचा, तर ऐकणे आणि बोलणे परके वाटते.

काही अडचणी थेट मराठीच्या रचनेतून येतात. मराठीत इकाराचा ऱ्हस्वदीर्घपणा बऱ्याच अंशी शब्दातील स्थानावर ठरतो, त्यामुळे 'शिप' आणि 'शीप' हे इंग्रजीतील वेगळे शब्द कानाला एकच वाटू शकतात. इंग्रजीत 'व'चे दोन उच्चार आहेत, मराठी दोहोंसाठी एकच अक्षर वापरते. 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांतील भेद आघातावर कळतो, आणि मराठीत आघाताला तसे अर्थभेदक महत्त्व नाही. श्रवण चाचणीच्या पहिल्या भागात दूरध्वनी क्रमांक, आडनावाची अक्षरे, पत्ते असेच तपशील टिपायचे असतात आणि स्पेलिंग चुकले की गुण जातो. म्हणून या बारकाव्यांची किंमत अधिक. लेखनात 'अ' आणि 'द' ही उपपदे गळतात, कारण मराठीत उपपदे नाहीत. बोलण्यातील मराठी वळणाबद्दल मात्र गुण कापले जात नाहीत. उच्चार सहज समजण्याजोगा आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. उसना परदेशी हेल काढण्याचे शिकवणी वर्गांतून दिले जाणारे शिक्षण त्यामुळे निष्फळच ठरते, आणि कधी कधी त्या नादात वाक्यही तुटते.

मान्यता

एखाद्या चाचणीचे गुण चालतील की नाही हे घेणारी संस्था ठरवते. अमेरिकेतील व इतर देशांतील अनेक विद्यापीठे घरून दिलेल्या चाचण्या प्रवेशासाठी स्वीकारतात. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा यांच्या व्हिसा व स्थलांतर विभागांनी मात्र मान्यताप्राप्त केंद्रावर दिलेल्या चाचणीचाच आग्रह धरलेला आहे. परिणामी एकाच विद्यार्थ्याला प्रवेश घरच्या परीक्षेवर मिळतो आणि व्हिसासाठी पुन्हा केंद्रावर परीक्षा द्यावी लागते, असे घडू शकते. विद्यापीठाची आणि व्हिसाची अट अर्ज करण्यापूर्वी स्वतंत्रपणे तपासावी लागते. नियम बदलत असल्यामुळे ती त्या त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहणे इष्ट.